स्लावकाच्या पाठीवरचा होपाक

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतातल्या नाचाच्या कार्यक्रमात ओरेस्त हनात्युकने 'छान' हा शब्द एकेचाळीस वेळा उच्चारला. हा आकडा त्याचा नव्हे. शेजारी बसलेल्या बायकोने, स्लावकाने, तो मोजला होता, आणि मोजण्याखेरीज तिला तिथे दुसरं काही कामही नव्हतं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, आणि समोर रंगमंचावर काय चाललंय हे सांगायला जगात हा एकच माणूस हाताशी.

"आता काय चाललंय?"

"मुली आल्या."

"कशा आल्या?"

"छान आल्या."

"आणि आता?"

"आता मुलगे आले. छान उड्या मारतायत."

स्लावका त्याच हॉलमध्ये बावीस वर्षं नाच शिकवत होती. कॅनडातल्या झोरा गावात चाळिशीच्या आतलं जे कोणी होपाक, म्हणजे उड्या-गिरक्यांचा युक्रेनियन नाच, नाचतं, ते तिच्या ओरडण्यावर वाढलेलं. परतताना गाडीत तिने आधी पट्टा बांधला. मग म्हणाली, "एकेचाळीस वेळा छान. ओरेस्त, छान हा नाच नव्हे. यापेक्षा रेडिओवर गव्हाचे भाव ऐकले असते. भाव निदान वर-खाली तरी होतात."

आणि तिने हॉलमध्ये जाणं बंद केलं.

ओरेस्तला याचं वाईट वाटलं नाही. हे त्याने शेजारच्या मेत्रो बोयचुकला त्या आठवड्यात चार वेळा सांगितलं. टेलिफोन कंपनीत चौतीस वर्षं तारा जोडण्यात घालवलेला माणूस. अर्ध्या सस्कॅचेवान प्रांताचा आवाज ज्याच्या हातांतून इकडचा तिकडे गेला, त्याचा स्वतःचा आवाज त्याच्याच गाडीत निरुपयोगी ठरला, एवढंच. वाईट वाटण्यासारखं त्यात काय आहे?

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण या जानेवारीत त्यांची नात लारिसा हिला होपाकात एकटीने घ्यायच्या गिरक्या मिळाल्या. रंगमंचाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तीन गिरक्या, प्रत्येकीच्या शेवटी उडी. पूर्वी होपाकात स्लावका हेच करायची, आणि तिच्याआधी तिची आई. पोरगी धावत आजीला सांगायला आली. स्लावकाने तिचे गाल चाचपले, दोन्हींचे मुके घेतले, आणि म्हणाली, "मी येईन. पण तुझे आजोबा माझ्या शेजारी गप्प बसणार असतील तरच."

ओरेस्त स्वयंपाकघरात चहा ओतत होता. कप भरून बशीत आणि बशी भरून टेबलावर चहा आला, तरी तो ओतत होता.

त्याच रविवारी त्याने वर्तमानपत्रात वाचलं की कुठल्याशा मोठ्या शहरात अंध प्रेक्षकांना नाच हाताला कळेल असं यंत्र दिलं होतं. नाचणाऱ्याचं पाऊल जमिनीवर पडलं की यंत्र थरथरे. बातमी चार ओळींची होती. ओरेस्तने ती कापली, घडी घालून पाकिटात ठेवली आणि तळघरात उतरला. जेवायला हाक मारली तरी वर आला नाही, यावरून स्लावकाने ओळखलं की आपल्याविरुद्ध काहीतरी चाललंय.

योजना वाईट नव्हती, हे इथे स्पष्ट नोंदवायला हवं. गिटारला चिकटवतात तसल्या, कंप टिपणाऱ्या, बटणाएवढ्या बारा चकत्या रंगमंचाच्या लाकडाखाली लावायच्या. जुन्या मोबाइल फोनमध्ये थरथरण्यासाठी जी इवलीशी मोटार असते, तशा बारा मोटारी स्लावकाच्या पाठीवर. रंगमंचाचा पुढचा भाग म्हणजे तिचे खांदे, मागचा भाग म्हणजे कंबर. पोरगी रंगमंचावर डावीकडून उजवीकडे गेली की पाऊल पाठीवरून डावीकडून उजवीकडे जाणार. नवरा गप्प, पाठ बोलती.

प्रश्न एवढाच की मोटारी पाठीवर राहणार कशा. मेत्रोला सगळ्याच प्रश्नांची उत्तरं येतात. हयातभर शेतीची यंत्रं विकल्यामुळे लोकांनी न विचारताच बोलायची त्याला सवय आहे.

"लाइफ जॅकेट घे," तो म्हणाला. "पट्टे आहेत, कप्पे आहेत, आत जाड फोम आहे. मासेमारीची माझी पडून आहेत."

"ती भडक केशरी असतात, मेत्रो."

"तिला कुठे दिसणार आहे?"

"तिला नाही दिसणार. गावाला दिसेल ना!"

"गावाने तुला लग्नात बघितलंय, ओरेस्त. त्यापुढे हे काहीच नाही."

पहिली चाचणी घरच्या तळघरात झाली. प्लायवूडच्या फळीवर नाचायला कोणी नव्हतं, म्हणून अडुसष्ट वर्षांचा ओरेस्त स्वतः नाचला. स्लावका जॅकेट घालून खुर्चीत बसली होती. तिने मान जराशी तिरकी करून लक्ष दिलं.

"कळतंय?" ओरेस्तने धापा टाकत विचारलं.

"कळतंय. कोणीतरी फ्रीज सरकवतंय."

म्हणजे यंत्र चालत होतं. ओरेस्तने अपमान गिळला आणि हॉलच्या कमिटीकडे गेला.

झोराच्या युक्रेनियन हॉलची कमिटी दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी बसते. अध्यक्ष इहोर पासिचनिक यांना नियमांबद्दल तेवढंच प्रेम आहे जेवढं इतरांना नातवंडांबद्दल असतं. ठराव मांडला गेला, त्याला अनुमोदन मिळालं, आणि दीड तास चर्चा झाली. त्यातली पन्नास मिनिटं कोट टांगायच्या खुंट्यांवर गेली, कारण तो विषय नोव्हेंबरपासून राहिला होता. उरलेल्या वेळात स्लावकाला शॉक बसला तर जबाबदार कोण, हे विचारण्यात आलं. तिला गुदगुल्या झाल्या आणि ती भलत्या वेळी हसली तर नाचणाऱ्यांना काय वाटेल, हेही विचारण्यात आलं. शेवटी ठराव मंजूर झाला, विमा कंपनीची हरकत नसल्यास.

विमा कंपनीची हरकत होती. हॉलमध्ये अंगावर घालायचं कुठलंही विजेचं उपकरण विम्यात बसत नाही, असं तिने कळवलं. अपवाद एकच, अपंगांसाठीच्या कार्यक्रमाची प्रांताच्या कचेरीत नोंद झालेली असावी. तिथला अर्ज चौदा पानी होता. कचेरीने तो अंधांच्या सोयीसाठी खास तयार केला आहे, असं वर लिहिलेलं. स्लावकाच्या संगणकाने तो मोठ्याने वाचायला घेतला आणि म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र. सही." ओरेस्तने अर्ज हाताने भरला. लाभार्थ्यांची संख्या: एक.

आठवड्याने कचेरीतून एका बाईंचा फोन आला. आवाज अतिशय गोड. नकार देणाऱ्यांचा असतो तसा.

"सर, लाभार्थी किमान आठ लागतात. एका लाभार्थ्याचा कार्यक्रम होत नाही."

"मग एकाचं काय होतं?"

बाई तितक्याच गोडपणे म्हणाल्या, "संसार होतो, सर."

म्हणजे आठ हवेत. झोरात अंध माणसं दोन. एक स्लावका, दुसरा म्हातारा तिमको, स्टेशनमागे राहणारा. ओरेस्तने त्याला फोन केला. तिमको शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "डोळे होते तेव्हा बायको मला दरवर्षी त्या नाचाला ओढून न्यायची. आंधळं झाल्याचा एवढा एकच फायदा पदरात पडलाय, ओरेस्त. तो घालवू नकोस."

इथे इहोरची नियमनिष्ठा पहिल्यांदा कामाला आली. त्याने अर्जाचं नववं पान भिंगाखाली वाचलं. 'दृष्टिहीन, अल्पदृष्टी अथवा अन्यथा लाभ घेऊ इच्छिणारे.' अन्यथा! त्या एका शब्दातून अख्खं गाव आत शिरलं. कारण तोवर मेत्रोने एकदा जॅकेट घालून पाहिलं होतं, आणि हे पाठदुखीला अफलातून आहे असं पेट्रोल पंपावर सांगितलं होतं. चार दिवसांत जागा भरल्या. बारा जण प्रतीक्षायादीत. यातल्या एकानेही आपण आंधळे आहोत असं खोटं सांगितलं नाही, फक्त ओरेस्त समोरून आला की चष्मा काढून खिशात ठेवायला लागले.

आता जॅकेटं आठ, म्हणून बारा मोटारींच्या झाल्या शहाण्णव. गावभरच्या खणांतले जुने फोन ओरेस्तच्या तळघरात जमा झाले. प्रत्येकाबरोबर एक विनंती आली. मोटार काढताना आत कुत्र्याचे फोटो असतील तर तेवढे द्या. आत एक रेसिपी होती, बघा. आत नवऱ्याचे शेवटचे निरोप आहेत, ऐकू नका. ओरेस्तने मार्चचा पूर्ण महिना फोन उघडण्यात घालवला. घरात जिथे तिथे काहीतरी थरथरत असायचं. स्लावका साखरेचा डबा उचलायची तर डबा फोन आल्यासारखा वाजायचा.

"हे सगळं मी तुला गप्प बस म्हटल्यामुळे?" ती एकदा म्हणाली.

"छे छे. मी आधीपासूनच विचार करत होतो."

"मी एवढंच म्हटलं होतं की नीट सांग."

पण हे वाक्य ओरेस्तच्या कानापर्यंत पोहोचलं नाही. तो सोळाव्या फोनचं झाकण उघडत होता.

एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी हॉलमध्ये पहिली तालीम. चकत्या लागल्या, तारा ओढल्या, स्लावका समोर खुर्चीवर बसली. ओरेस्तने बटण दाबलं. स्लावकाचा चेहरा उजळला.

"हा कोण?" ती म्हणाली. "वा! तालाला पक्का आहे. जागा सोडत नाही. मुलगा आहे, वजनदार आहे. जरा रुक्ष नाचतो, पण दमत नाही."

रंगमंचावर कोणीही नव्हतं. मुलं अजून बुटांच्या नाड्या बांधत होती.

ओरेस्तने रंगमंचाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि मग त्याला कळलं. हॉलच्या तळघरात स्वयंपाकघर आहे, बरोब्बर रंगमंचाच्या खाली. दर गुरुवारी तिथे अकरा बायका बसून विकायला पेरोगी, म्हणजे सारण भरून उकडायच्या करंज्या, वळतात. आणि कणीक मळतो तो मिक्सर. एका बंद पडलेल्या बेकरीतून आणलेला, तीन माणसांना न हलणारा, चार बोल्टांनी जमिनीत रोवलेला. गेली तीन मिनिटं स्लावकाने त्याचं कौतुक केलं होतं.

ओरेस्त खाली गेला. स्वयंपाकघरावर युस्तिना कोझाकची सत्ता आहे. सहा फूट उंच बाई, कोपरापर्यंत पीठ.

"युस्तिनाबाई, तालीम होईपर्यंत मिक्सर बंद ठेवता येईल का?"

युस्तिनाबाईंनी मागे वळून पाहिलंही नाही. "बायांनो, ऐकलंत का? बंद ठेवायचा म्हणे."

बाया हसल्या.

"स्लावकासाठी," ओरेस्त म्हणाला.

"स्लावका माझी मैत्रीण आहे. तिच्यासाठी मी मूत्रपिंड देईन. मिक्सर नाही बंद करणार. हे छप्पर नाचाने उभं नाही राहिलेलं, ओरेस्त, पेरोगीने राहिलंय. बिशप येऊन प्रार्थना म्हणत होते तेव्हाही मिक्सर चालू होता. त्यांनी आमेन जरा मोठ्याने म्हटलं, बस."

म्हणून तालमी मिक्सरसकट झाल्या. आणि इथे एक गोष्ट घडली जी ओरेस्तच्या योजनेत नव्हती. यंत्र खरंच चालू लागलं. स्लावका मिक्सर वजा करायला शिकली. "तो आपला तिथेच असतो," ती म्हणायची, "लग्नातल्या दूरच्या काकासारखा. त्याच्याकडे बघायचं नाही." दुसऱ्या गुरुवारी तिला रांगा कळू लागल्या. तिसऱ्या गुरुवारी माणसं.

"मागच्या रांगेत कोणीतरी नवे बूट घातलेत. चावतायत. आजच काढ ते."

"उजवीकडची दोघं भांडलेली आहेत का? एकमेकांपासून लांब उतरतायत."

"इहोरचा नातू कुठे आहे? मघापासून त्याचे पाय नाहीत. पडद्यामागे फोन बघतोय तो, बोलवा त्याला."

दोन वर्षं निवांत गेलेली मुलं हादरली. डोळे असतानाची स्लावकाबाई परवडली, असं त्यांचं मत पडलं. डोळे असताना ती निदान एका वेळी एकीकडेच बघायची. नाच बसवणाऱ्या मास्तरीणबाई रोक्साना आपल्याच हॉलमध्ये आपला सल्ला कोणी विचारत नाही म्हणून घसा बसल्याचं सांगून दोन तालमी घरी राहिल्या.

आणि लारिसा. तिच्या गिरक्या सुरू झाल्या की स्लावका खुर्चीच्या कडेला यायची. पहिली गिरकी, उडी, ठप्. दुसरी, ठप्. तिसरी, आणि मग दोन आवाज: ठप्, आणि केसभर उशिरा ढुप्. उजवा पाय मागे राहायचा.

"लारिसा, उजवा."

"आजी, मी टाकते ना वेळेवर!"

"माझ्या पाठीला विचार."

पोरीने तो पाय शंभरदा घासला. पाय सुधारेना. शेवटी ती रंगमंचाच्या कडेला बसून रडायला लागली, तेव्हा स्लावका केशरी जॅकेटसकट चाचपडत तिच्यापाशी गेली. "रडू नको. मीही तशीच उतरायचे. माझी आईही. कोणाला दिसत नाही ते. फक्त आपल्याला माहीत असतं." त्या दिवशी घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पुटपुटत होती, ठप्-ढुप्, ठप्-ढुप्. ओरेस्तला वाटलं ती चूक मोजतेय.

कार्यक्रम एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी. युस्तिनाबाईंशी तह झाला होता. दोनशे ऐंशी माणसांचं जेवण असल्याने मिक्सर चालणारच, पण होपाकाच्या वेळी सात मिनिटं बंद. आठवं मिनिट नाही. मोबदला म्हणून त्यांना एक जॅकेट. त्यांच्या पाठीची कहाणी गावाला पाठ होती. कोणाचं तरी नाव यादीतून कापणं भाग होतं. सार्वजनिक हितासाठी अध्यक्ष इहोरने आपलं दिलं, आणि सार्वजनिक हित म्हणजे काय हे ओरेस्तला कळावं म्हणून आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

गुरुवारी शेवटची तालीम होती. संध्याकाळी हॉलकडे येताना लारिसाचा पाय उरल्यासुरल्या बर्फावरून घसरला. घोटा मुरगळला. मोडला नव्हता, पण कलिंगडाएवढा सुजला. रोक्सानाने पुन्हा घसा बसल्याचं कळवून तालीमच रद्द केली.

लारिसाची आई मार्ता हिच्या स्वयंपाकघरात तातडीने बैठक भरली. गिरक्या टेगन मॅक्लाऊडने घ्यायच्या हे रोक्सानाने परस्पर ठरवलं होतं. टेगनच्या घराण्यात युक्रेनियन रक्ताचा थेंब नाही, आणि त्या संचात तिच्याइतका निर्दोष होपाक कोणी नाचत नाही. हे गावाला पटलेलं आहे, आवडलेलं नाही. लारिसाचा पोशाख तिला बरोबर बसत होता.

"आईला सांगायचं नाही," मार्ता म्हणाली. "दोन वर्षांनी येतेय ती कार्यक्रमाला. कळलं तर यायची नाही. नाच झाला की सांगू."

"आणि ती लारिसाशी बोलायचंय म्हणाली तर?" इहोरने विचारलं.

"घसा धरलाय म्हणू. गुरुवारी रोक्सानाचा धरला, शुक्रवारी हिचा."

सगळ्यांनी ओरेस्तकडे पाहिलं. ओरेस्तने तीन महिन्यांचा विचार केला, शहाण्णव मोटारींचा विचार केला, शनिवारी कचेरीतून येणाऱ्या गोड आवाजाच्या बाईंचा विचार केला. खोटं बोलणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं, पण हे खोटं नव्हतंच मुळी. हे उशिरा सांगितलेलं खरं होतं. शिवाय एका पोरीची पावलं दुसरीपासून वेगळी ओळखण्याइतकं ते यंत्र काही भारी नाही, असंही त्याने सगळ्यांना पटवून दिलं. स्वतःच्या यंत्राविषयी त्याचं इतकं हलकं मत आधी कधी नव्हतं.

शनिवारी पहिल्या रांगेत आठ केशरी लाइफ जॅकेटं ओळीने बसली, आठवं युस्तिनाबाईंच्या रिकाम्या खुर्चीवर. समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. रेजायना शहरातून आलेल्या एका पाहुण्याने मागून हळूच विचारलं की नदी चढलीय का. कचेरीतल्या बाई खरोखरच आल्या होत्या. त्यांनी बोटाने मोजलं, आठ. समाधानाने कागदावर खूण केली. त्यातले सहा जण रंगमंचाकडे टक लावून बघतायत आणि एक जॅकेट रिकामंच आहे, हे त्यांच्या अर्जात कुठे विचारलेलं नव्हतं. मेत्रो दुसऱ्याच नाचाला झोपला. पाठीला इतका आराम त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होता.

होपाकाआधी तळघरातली घरघर थांबली. युस्तिनाबाई पीठभरल्या हातांनी वर आल्या, आठव्या जॅकेटात शिरल्या आणि घड्याळ मांडीवर ठेवून बसल्या. संगीत सुरू झालं. स्लावकाची पाठ ताठ झाली. मिक्सरवाचून पावलं पहिल्यांदाच इतकी स्वच्छ उमटत होती. तिचे ओठ हलत होते. ओरेस्तचा हात खिशातल्या बटणाकडे गेला. जोर जरासा कमी केला तर बिघडणार नव्हतं.

"वाढव," स्लावका पुटपुटली.

त्याने वाढवलं.

पहिली गिरकी, उडी, ठप्. दुसरी, ठप्. तिसरी. स्लावका खुर्चीच्या कडेला आली.

ठप्.

एकच. स्वच्छ, गोल, निर्दोष.

हॉल उठला. झोरात आवडलेल्या नाचाला नुसत्या टाळ्या देत नाहीत, पाय आपटतात. दोनशे ऐंशी माणसांचे पाय लाकडी जमिनीवरून चकत्यांत, चकत्यांतून तारांत आणि तारांतून आठ पाठींत एकदम शिरले. मेत्रो "धरा! धरा!" ओरडत उठला. युस्तिनाबाईंनी देवाचं नाव घेतलं. या सगळ्यात एकटी स्लावका टाळी न वाजवता बसली होती.

इहोर माइक घेऊन आला. कचेरीतल्या बाईंसमोर हे करायचं त्याचं आधीच ठरलेलं होतं. "स्लावका, आज दोन वर्षांनी तू पुन्हा होपाक अनुभवलास. सगळ्यांना सांग, कसा वाटला?"

"छान," स्लावका म्हणाली.

ज्या शब्दापासून पळण्यासाठी ओरेस्तने शहाण्णव फोन फोडले, तो शब्द माइकमधून हॉलभर घुमला.

"फार छान नाचली," स्लावका पुढे म्हणाली. "कोणाची मुलगी?"

इहोरने गडबडून कार्यक्रमपत्रिका पाहिली. "तुझी नात, स्लावका. इथे छापलंय."

"छापलं असेल. पण ती उतरताना चुकली नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी न चुकता उतरलेलं नाही."

रंगमंचाच्या कडेवरून बारीक आवाज आला. "मी टेगन, स्लावकाबाई. मॅक्लाऊडांची."

"तरीच. पाय सोन्याचे आहेत तुझे, पोरी. घाबरू नको, तुझं काही चुकलेलं नाही. चुकलं नाही, तीच तर पंचाईत." मग माइक बाजूला न करताच, "ओरेस्त. लारिसा कुठे आहे?"

"पडद्यामागे," ओरेस्त म्हणाला. "घोटा. गुरुवारी. मोडलेला नाही."

"गुरुवारी. कोणी ठरवलं मला सांगायचं नाही म्हणून?"

मार्ता स्वतःचे बूट पाहू लागली. इहोर पत्रिका पाहू लागला.

"सगळ्यांनी."

"तू होतास त्यात?"

"होतो."

"आणि हे यंत्र कोणी केलं?"

"मी."

"मग तुला तरी कळायला हवं होतं."

कचेरीतल्या बाईंनी 'उपकरणाची परिणामकारकता' या रकान्यात 'अपेक्षेबाहेर' असं लिहिलं.

लारिसा कुबड्यांवर आली आणि आजीच्या शेजारी बसली. स्लावकाने खाली वाकून तिचा सुजलेला पाय चाचपला. उजवाच होता. "गाढवा," ती म्हणाली, "मी तो ढुप् ऐकायला आले होते." पोरगी तिच्या केशरी खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, तेव्हा खांद्यातली एक मोटार सुरू झाली आणि दोघींना हसू आलं. ओरेस्तच्या बाजूला मात्र कोणी वळलं नाही.

शेवटचा नाच सुरू झाला, सगळे संच एकत्र. युस्तिनाबाईंनी घड्याळ पाहिलं, उठल्या आणि खाली गेल्या. सात मिनिटं झाली होती. मिनिटभरात स्लावकाच्या पाठीवर तो जुना वजनदार, न दमणारा नाचणारा परत आला, आणि त्याच्यापुढे बाकी कोणाचंच काही कळेना. तिने जॅकेटचे पट्टे एकेक करून सोडले आणि ते मेत्रोच्या मांडीवर टाकलं.

"ओरेस्त."

"काय?"

"सांग. आणि एकदा जरी छान म्हणालास, तर चालत घरी जाईन."

ओरेस्तने घसा खाकरला. मग त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, आणि समोर पाहिलं.

"इहोरच्या नातवाचा कमरपट्टा सुटलाय," तो म्हणाला.

"किती?"

"हातभर. मागे लोंबतोय लाल. त्याला माहीत नाही. मागची मुलगी बघतेय त्याच्याकडे. दात दाखवत हसतेय, पण नजर पट्ट्यावर. आता वळतायत सगळे. ती टाळतेय. टाळलं. परत वळतायत... दिला पाय."

रंगमंचावर धप्प आवाज झाला.

"पडला?"

"बसला. खाली बसून पाय झाडतोय, जणू तसंच ठरलं होतं."

"लबाड!"

"थांब. शेजारच्यांना वाटलं नाचात बदल झालाय. तेही बसले. आता पाच जण बसलेत. रोक्साना पडद्याआडून हात करतेय उठा म्हणून. सहावाही बसला."

स्लावका हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग आवाज, मग लारिसाच्या गुडघ्यावर थापा. मागच्या रांगेतून कोणीतरी शुक् शुक् केलं.

"आणि इहोर?" तिने डोळे पुसत विचारलं.

"इहोर उभा आहे. माइक उलटा धरलाय त्याने."

"मग?"

"थांब, बघू दे," ओरेस्त म्हणाला.